फुटका सायलेन्सर बदलला

मंगळवार, घनसावंगी. दिवेलागण.

काल पिकअपचा फुटका सायलेन्सर बदलायला मेहुण्याला सोबत नेलं, हीच चूक. "दाजी, मोठ्या तोंडाचा घ्या. गाडी आली की सगळ्यांना कळलं पाहिजे!" वांगी वाहायच्या गाडीला नवरदेवाचा थाट! अन् त्या चकचकीत तोंडात हा गडी स्वतःचे केस बघून राह्यला. मूर्ख. मी मुद्दाम दुकानातला सगळ्यात शांत सायलेन्सर बसवून घेतला.

आज सकाळी भाजी गोळा करायला निघालो, तर एकाही वस्तीवर कुणी कॅरेट घेऊन उभं न्हाई. आळशी लोकं. मंग वाटलं, माल दुसऱ्या गाडीला दिला असंल. सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरचा माल तेवढा घेऊन निम्म्या रिकाम्या गाडीनं जालन्याच्या मार्केटला गेलो.

परतताना शेवंतामावशी रस्त्यात आडव्या आल्या. वांग्यांचं कॅरेट तसंच भरलेलं, वांगी सुकलेली. "कुठं मेल्तास रं? तुझी गाडी पार पुलावर फडफडली की मी घरातून कॅरेट उचलते. आज आवाजच न्हाई आला."

ज्या फुटक्या आवाजाची मला चार वर्षं लाज वाटली, त्याच्यावर अख्खा रस्ता उठत होता. मला कसं कळलं न्हाई? केस बघणाऱ्याला कळलं, अन् मला न्हाई?

बायकोला बजावलं होतं, भावाला बिलकुल सांगू नको. आत्ता ती फोनवर बोलून राह्यली. फोन तिच्या कानाला आहे, तरी त्याचं हसणं मला इथं अंगणात ऐकू येतंय.