ठकीचे डोळे

छत्रपती संभाजीनगर,
१९ नोव्हेंबर

म्हाळसामावशी,

तीन आठवडे गप्प राहिले, माफ करा. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

देवगावच्या तुमच्या घरातून ती जुनी लाकडी बाहुली, तुमची ठकी, मी नेली. तुम्ही शेतात होता. तुमच्या मुलानं, बिभीषणनं, विकली हे खरं, पण तिच्या डोक्यावरचं तेल ताजं होतं. ते मी पाहिलं आणि तरीही घाईनं पिशवीत घातली. जुन्या बाहुल्या जमवणारे आम्ही म्हणतो, आम्ही त्यांना वाचवतो. खरं तर कुणाच्या तरी हातची माया त्यांच्यावर साचलेली असते, ती आम्हाला हवी असते. घरी आणून मी तिला स्पिरिटनं पुसलं. तेलाबरोबर काजळाचे डोळेही गेले.

काल बिभीषणचा फोन आला. "मॅडम, लेक वारल्यापासून माय तिलाच लेक म्हनती. ठकी गेली तशी धड जेवंना. तेवढी परत द्या. तुमाला कपाटात ठिवायला कोणतीबी चालंल की!"

मी "बघते" म्हणाले. डोळ्यांचं सांगितलं नाही. तुम्हाला काही झालं तर? आणि तिचं तोंड बघून तुम्ही माझ्याकडे बघितलंत तर? दुपारी काजळाची डबी उघडली आणि तशीच मिटली. मी काढलेल्या डोळ्यांनी तिनं तुमच्याकडे बघावं, हे त्याहून वाईट.

तुमची अपराधी,
वृंदा

उद्या: ठकीला आहे तशी घेऊन देवगावला जाणे.