बाबलीचे मार्क

४ डिसेंबर २००७, मंगळवार

दादा माझ्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात आला! बंदर सोडून इथे कट्टा गावात कधी फिरकत नाही तो. तांदळाच्या पिशवीतून जीपीएसचा सेट काढला — बाबलीकाकांचा. "ह्येच्यातले मार्क काढून दी. कोणाक सांगा नको."

मार्क म्हणजे मासळी लागते त्या जागा. काकांनी त्या जन्मभर जपल्या, बायकोलाही सांगितल्या नाहीत. गेल्या बुधवारी काका समुद्रात पडले. होडीवर ते आणि दादा, दोघेच. दादा सगळ्यांना सांगतो, सेट काकांच्या हातातच होता, त्यांच्याबरोबर गेला.

मी तो खोलला. आत खाऱ्या पाण्याचा थेंब नाही.

५ डिसेंबर

जेवण जात नाही.

६ डिसेंबर, गुरुवार

सेट कॉम्प्युटरला जोडला. होडी गेली-आली ती रेघ पडद्यावर आली, वेळेसकट. दादा म्हणतो, सहाला काका पडले, मग दोन तास तिथेच शोधत फिरलो. खोटं! सहा वाजून चार मिनिटांनी होडी वळली आणि सरळ बंदर. एक मिनिट थांबली नाही.

काकांची विमलाकाकी हटून बसली आहे. "देवाच्या दारात सांगांदे त्याका." सोमवारी कौल. देवाला लावलेल्या दोन कळ्यांतली उजवी पडली तर दादा खरा; डावी पडली तर गाव दादाला वाळीत टाकणार, मागोमाग पोलीस. आईचं काय होईल?

८ डिसेंबर

दादाला रेघ दाखवली. वाटलं, अंगावर येईल. मटकन खालीच बसला. "काको पडलो तो मगे दिसाकच नाय. पाण्यातसून हाक इली. एकच. माका वाटला, भूत."

आई लहानपणापासून सांगते — एका हाकेला ओ द्यायची नाही, ती भुताची. माणूस तीनदा हाक मारतो. म्हणून पळाला! भित्रा, मूर्ख — पण खुनी नाही. ढसाढसा रडला. मीही रडले. त्याच्यासमोर सेटमधलं सगळं पुसलं, सेल काढून सेट कपाटात टाकला.

जाताना म्हणाला, "मार्क कागदार उतरून ठेवलंस मा?" नाही म्हटलं. तोंड उतरलं त्याचं. दुःखानेच असेल.

१० डिसेंबर, सोमवार

उजवी पडली!! गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि उजवीच पडली. आईने दादाला पोटाशी धरलं. विमलाकाकी तेवढी हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली.

११ डिसेंबर

भर दुपारी कपाटात टिकटिक. सेट चालू — सेल नसताना! पडद्यावर तीन मार्क. तिन्ही एकाच जागी, जिथून होडी वळली तिथे. मी सगळं पुसलं होतं, आईशप्पथ!

१२ डिसेंबर

दादासमोर सेट ठेवला. तिन्ही मार्कांवर बोट ठेवलं.

"तीन हाका मारल्यान गो," म्हणाला. "तीनय आयकलंय."