किडनीवरच्या दोन टोप्या

खमरिया, जबलपूर
(तारीख टाकत नाही. पत्र लिहायला घेतलं तो दिवस आणि ते पेटीत पडेल तो दिवस ह्यांच्यामध्ये माझा स्वभाव येतो, तुला माहीत आहे.)

ती. लतिकाताईस,

धाकट्या वेदांगचा साष्टांग नमस्कार. सुशांत जिजाजींनाही वाकून नमस्कार, आणि स्वानंदीला दोन्ही गालांचे पापे. (तिला आपले बाबा म्हणजे नुसतं एक कपाळ वाटत असेल. व्हिडिओ कॉलवर मोबाईल कसा धरायचा ते त्यांना कितीदा सांगितलं, पण ते फोन कानालाच लावतात आणि मग घाबरून वर करतात.) आधी सर्व क्षेम लिहायचं आणि मग काय काय बिघडलं ते सांगायचं, असं आईने शिकवलं होतं, म्हणून लिहून टाकतो: इकडे सर्व क्षेम आहे. तुझी पाठ कशी आहे? नाशकात थंडी पडली का? इकडे मटार गाड्या भरभरून उतरून राहिलेत आणि घरात सोलायला बाबाच. तेही एकेक दाणा असा अलगद ठेवतात की जसा फुटेल. सगळा जन्म फॅक्टरीच्या दारूगोळ्याच्या सेक्शनमध्ये गेला, माणूस दुसरं काय करणार! आपल्या घरात भांडं कधी आपटलं नाही, दार कधी धाडकन लागलं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे चोरपावलांनी चालतात.

तू म्हणशील, फोन असताना पत्र काहून? तर व्हॉट्सअ‍ॅपवर मी एवढं एवढं लिहितो आणि तू अंगठा दाखवतेस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. शिवाय खरं सांगू का, मला मराठीत लांबलचक बोलायचं होतं. तू गेल्यापासून आपल्या घरात मराठी फक्त आरतीपुरती उरली. बाबा आणि मी हिंदीत बोलतो, तेही कामापुरतं, "पानी आ गया", "गैस लगा दी", असं. मराठीत रागवायला कोणी नाही, ताई. हिंदीत कोणी कितीही रागावलं तरी मला ते शेजारच्याला रागावल्यासारखं वाटते.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणजे, येईनच.) भेडाघाटला नावेत बसून लोकांना संगमरवरी कडे दाखवायचं काम मी सोडलं. सोडलं म्हणजे कड्यांमधल्या आकारांना मी स्वतःची नावं देऊन राहिलो होतो, ती नाववाल्याला पसंत पडली नाहीत. चांगला उंट दिसत होता. असो. मग बड्या फुहाऱ्याजवळ शालिग्रामजींचं जडीबुटीचं दुकान आहे ना (साड्यांच्या दुकानांमधून आत शिरलं की लागते, जिथे तू परकराचं कापड घ्यायला मला तासन्‌तास उभं करायचीस), तिथे लागलो. त्यांची एक पूड आहे, थकवा घालवणारी. त्यांना ती विकायला एक बोलका मुलगा पाहिजे होता. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून भाषण पाठ केलं. आपल्या दोन्ही किडन्यांवर एकेक ग्रंथी असते, टोपीसारखी. अॅड्रिनल तिचं नाव. माणूस चिंतेत राहिला की त्या टोप्या रात्रंदिवस काम करतात, आणि शेवटी पिळलेल्या लिंबासारख्या सुकतात. मग माणूस सकाळी उठतो तोच थकलेला! हे मी इतकं रंगवून सांगायचो की सांगता सांगता मलाच बसावंसं वाटायचं.

तर ती पूड घेऊन मी कुंडमच्या बाजाराला गेलो. कुंडमचा रस्ता तुला आठवते का? सालाची झाडं लागली की आई बसची खिडकी उघडायला लावायची. मी ह्या वेळी पण उघडली, कंडक्टर ओरडला, थंडी आहे म्हणून. बाजारात मी टोप्यांचं भाषण केलं. लोक गोळा झाले, ऐकलं, एका म्हाताऱ्याने विचारलं, "बैल को दे सकते हैं क्या, भैया?" मी म्हटलं, हो, का नाही. तो म्हणाला, "तो पहले तुम खाओ।" मी चमचाभर खाल्ली. ताई, कुंडमपासून जबलपूरपर्यंत ती बस किती ठिकाणी थांबवावी लागली आणि कशासाठी, हे मी जिजाजींच्या घरी वाचल्या जाणाऱ्या पत्रात लिहीत नाही.

पण तोपर्यंत माझ्या डोक्यात बाबा शिरले होते. कारण भाषणातला माणूस मी रोज घरात पाहत होतो. बाबा फॅक्टरीच्या सायरनच्या आधी उठून बसतात आणि तो वाजायची वाट पाहतात. मग दिवसभर ओढत राहतात. स्कूटरवर पाय ठेवून उभे राहतात आणि किक मारायची विसरतात. जेवताना घास हातात आणि डोळे मिटलेले. अंथरुणावर पडले की मात्र टक्क जागे. मी म्हटलं, हो न हो, टोप्या सुकल्या! रोज त्यांच्या चहाबरोबर पुडीची वाटी ठेवू लागलो. (मी खाल्ली तेव्हा रिकाम्या पोटी खाल्ली होती, म्हणून तसं झालं, असं शालिग्रामजी म्हणाले होते.) वाटी रोज रिकामी व्हायची. मी खूश. बाबांना फरक नाही, पण आपल्या मागच्या अंगणातला कढीपत्ता अचानक वाळला. तेव्हा कळलं की पूड कोण खाऊन राहिलं होतं.

मग मी त्यांना डॉक्टर दीप्तीकडे नेलं. ती आपल्यातलीच, माहेर अमरावतीचं. मी आत जाताच टोप्यांचं भाषण सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता पेशंटला बोलू दे." मग मला समजावलं, की ग्रंथी थकून सुकतात हे दुकानदारांचं शास्त्र आहे. ह्या टोप्या म्हणजे शरीराचा सायरन. धोका दिसला की वाजवायचा, टळला की बंद. त्यांच्यातून एक रस पाझरतो, कॉर्टिसॉल, तो सकाळी जास्त असतो म्हणून माणूस उठतो, संध्याकाळी उतरतो म्हणून झोपतो. चिंता बारा महिने मुक्कामाला आली की सायरन बिघडत नाही, त्याचं वेळापत्रक बिघडते. दिवसा माणूस ओढल्यासारखा आणि रात्री टक्क. थकवा खरा असतो, त्याचं कारण टोपीत नसते. कधी कधी ग्रंथीचा खरा आजारही असतो, तो रक्तात दिसतो, म्हणून तपासायचं. आणि ही असली पूड कोणाला देऊ नको, कशात काय मिसळलेलं असते सांगता येत नाही. कोणी त्यात स्टेरॉइड घातलं असलं तर बाहेरची कुमक आली म्हणून आतली मंडळी, म्हणजे ह्या टोप्या, खरोखरची झोपी जातात. मी पिशवी टेबलाखाली सरकवली. (दुसऱ्या दिवशी शालिग्रामजींकडे जाऊन परत केली. नोकरीही तिच्याबरोबर गेली. पुढे.)

मग तिने बाबांना विचारलं, "काका, घरात कोण कोण असतं?"

आता ऐक. बाबा, जे डॉक्टरशी, पोस्टमनशी, माझ्याशी सगळ्यांशी हिंदीत बोलतात, ते एकदम मराठीत म्हणाले, "मी, हा वेदांग, आणि आमची लतिका."

"लतिका काय करते?"

"ती आत्ता जरा बाहेर गेलीय."

मी छताकडे पाहत राहिलो. तिथे पाल होती. दीप्तीने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहायला घेतली.

रक्त द्यायला सकाळीच जावं लागते, कॉर्टिसॉल तेव्हाच मोजतात. बाबा म्हणाले, शक्य नाही, ड्यूटी आहे. मी म्हटलं, महिन्याच्या शेवटच्या तारखेला तुम्ही रिटायर होऊन राहिलात, एक सकाळ गेली तर आता कोण काढून टाकते! बंडूकाकांना (तेच, बाबांच्या सेक्शनचे, तुझ्या लग्नात सनईवाल्याशी भांडलेले) सुट्टीचा अर्ज द्यायला लावला. लॅबमध्ये मुलीने दंडाला पट्टा बांधला, सुई लावली, आणि नेमका तेव्हा लांबून फॅक्टरीचा सायरन वाजला. बाबा उठून उभे राहिले, सुईसकट! ती मुलगी किंचाळली, "अंकल जी, बैठिए, खून आपका यहाँ है!" मी त्यांचे खांदे धरून खाली दाबलं. ताई, त्यांचे खांदे किती हलके झालेत. मी दाबायला गेलो जोराने, आणि जोर उरला.

रिपोर्ट चांगला आला. टोप्या शाबूत, साखर ठीक, थायरॉइड ठीक. मी तर निराशच झालो, काहीतरी निघालं असतं तर गोळी मिळाली असती. दीप्ती म्हणाली, "काका, तुम्हाला कशाची तरी वाट पाहायची सवय लागली आहे. ती सायरनची नाही. घरात बोला." एवढं सांगून तिने पुढचा पेशंट बोलावला.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो, बाबा मागे. कांचघरच्या चढावर ते माझ्या पाठीशी बोलू लागले. मराठीत. तोंडासमोर नसतेच बोलले. म्हणाले, "लतिकेला वाटलं मी ड्यूटीसाठी गेलो." मी म्हटलं, गेलाच होतात की, हाफ डे करून आलात तेव्हा अंतरपाट पडून गेला होता. तर म्हणाले, "कन्यादान काका-काकू करणार होते. तुझी आई नव्हती. एकट्याने विधीला बसता येत नाही, सगळ्यांनी मला तसंच सांगितलं. मांडवात हात बांधून उभं राहून काय करायचं तेच मला समजेना. हातात काही काम नसताना मला उभं राहता येत नाही, वेदांग. म्हणून म्हटलं, जाऊन येतो." मग चढ संपला. पुढे ट्रक होता म्हणून मला मागे वळता आलं नाही. ट्रक नसता तरी वळलो नसतो.

हे तुला माहीत नव्हतं. मलापण नव्हतं. तू मांडवातून निघताना म्हणाली होतीस, "तुम्ही तुमच्या सायरनशीच बोला." ते तेव्हापासून त्याच्याशीच बोलून राहिलेत, बिचारे. आज्ञाधारक माणूस.

मी पण काही फार घरी राहत नाही, खरं आहे. मागे अमरकंटकला गेलो होतो, नर्मदेच्या काठाकाठाने घरी चालत येईन म्हणून, आणि डिंडोरीतच एका लग्नात वाढपी म्हणून अडकलो. सगळे म्हणतात, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी वगैरे काही नाही. संध्याकाळी आपल्या क्वार्टरमध्ये दिवा लागतो तेव्हा मला बाहेर असलं की बरं वाटते, कारण लांबून तो दिवा पूर्वीसारखाच दिसतो. स्वयंपाकघरात आई आहे, ओट्यावर बसून तू माझं गणित चुकीचं सोडवून देऊन राहिली आहेस, असं खुशाल समजता येते. आत गेलं की समजता येत नाही. तुझ्या खोलीतलं कॅलेंडर बाबांनी काढलं नाही. तुझ्या लग्नाच्या महिन्याच्या त्या पानावर एक मोर आहे, त्याचा रंग पार उडाला. मी त्याला म्हणतो, तू तरी जा रे उडून.

बरं, फार लांबलं. तब्येतीला जप, पाठीला शेकत जा. वडील मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (ते देण्याइतका मी मोठा झालो की नाही ते तूच ठरव).

तुझाच,
वेदांग

ता. क. येणाऱ्या कोणाबरोबर कांदा-लसूण मसाला पाठव. बाबांची भाजी म्हणजे गरम पाण्यात बसलेला बटाटा.

ता. क. दुसरा. मसाल्याचं राहू दे. खरं ते लिहितो. रिटायर होणाऱ्याला इथे गेटपासून क्वार्टरपर्यंत हार घालून, गुलाल उधळत, ढोल वाजवत आणतात आणि घरची बाई दारात ताट घेऊन ओवाळते, हे तुला मी काय सांगू, आपण दोघं किती जणांच्या मिरवणुकीत पेढे खाऊन आलो. काल बंडूकाका मला गाठून म्हणाले, विनयने, तुझ्या बाबाने, सांगितलंय, मिरवणूक नको, हार गेटवरच घाला, मी रोजच्यासारखा स्कूटरने घरी जाईन. काकांनी विचारलं, काहून? तर म्हणे, "दारापर्यंत ढोल न्यायचा आणि दारात कुलूप, बरं दिसत नाही." तू ये. शेवटच्या तारखेच्या आत ये. नाशिकरोडहून थेट गाडी आहे. मी तुझं आणि स्वानंदीचं तिकीट काढायला तयार आहे, फक्त हो म्हण. (नोकरीचं मी वर लिहिलं आहे. पैशांचं जिजाजींना विचारून बघ.)

ता. क. तिसरा. बाबांना न सांगता मी ढोलवाल्याला ठरवून टाकलं. गाडी लेट झाली तर काळजी करू नको, मिरवणूक नाल्यावरच्या पुलियापाशी थांबवून ठेवू, बंडूकाका नाचायला लागले की तशीही पुढे सरकत नाही. उशीर झाला तरी ये. आपल्या घरी उशिरा आलेल्याला पण पान वाढतात. तुझ्या लग्नात शेवटच्या पंगतीला बाबा एकटे बसले होते, तेव्हा शालू खोचून त्यांना वरणभात कोणी वाढला होता? एक शब्द बोलली नव्हतीस, पण तूप दोनदा घातलं होतंस. मी पाहिलं होतं.