गेल्या सालची भाकणूक

शेवगाव तालुका
मंगळवार, ता. २८ मार्च १९७२

चि. चांगुणास,
अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळी जिती हायेत, तिकडंही असावीत. अक्षराला हसू नको, दुसरीतनंच उठवलं मला.

तुझं पत्र पोचलं. बी जमवून ठिवलंय, देवीला इचारून सांग, पेरायला थांबू का धरणाच्या कामावर जाऊ, असं लिवलंस. लई घाई तुला.

उद्या पुनव. जत्रेत देवी माझ्या तोंडानं औंदाचं पाऊसपाणी सांगणार. सकाळी आबासाहेब पाटील हिरवं लुगडं घिऊन आले. म्हणाले, "गोजरबाई, जरा चांगलं येऊ द्या. माणसं गाव सोडाया लागलीत."
मी म्हणलं, "चांगलंच ऐकायचं तर रेडिवो लावा."
हसले, पण लुगडं ठिवून गेले.

उपास धरल्यापास्नं देवी एकच बोलतीया. औंदा आडाला पाणी न्हाई, जितराब घिऊन निघा. मी चौदाची हुते तवापास्नं ही बया अंगात येती. मी बोलवाया गेले न्हवते.

तू लिवलंस, गेल्या साली देवीचा शबूद खोटा पडला तरी आमचा इस्वास हाय. ते वाचून पत्र चुलीत घालावं वाटलं.

तुझ्या रंगुवन्संचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान बांधा.

चांगुणा, गेल्या साली देवी आलीच न्हाई. ढोलवाले दमले, सारं गाव माझ्या तोंडाकडं बघत. लाज वाटली. अंग हलवलं आन मीच म्हणलं, मिरगात पेरा, खळं पुरायचं न्हाई. तू समोरच हुतीस, पदर पसरून. घरी जाऊन सगळं बी मातीत घातलंस. तुझा ढवळ्या चाऱ्यावाचून मेला, तो माझ्यापायी.

उद्या आदी हे सांगणार, मग औंदाचं. आमचे मालक म्हणत्यात, "खोटं कबूल केल्यावर खरं कोण मानंल?" त्येंचंबी बरोबर हाय. पण देवी म्हणती, आदी थुकून टाक, मग माझं बोल.

लुगडं परत धाडलं.

हे पत्र पोचंपर्यंत इथलं हून गेलेलं आसंल. कोण काय सांगंल त्ये ऐकू नको. बी पोत्यात बांध, उरलेला बैल सोड, तुझ्या धन्यांना, सहादेवरावांना घिऊन पैठणच्या धरणाची वाट धर. वाटंत आमचं गाव लागतं. दारात दिसले न्हाई तर थांबू नको, म्होरं चाल. धरणावर माती वाहताना गावंन.

तवा मनात आलं तरच अक्का म्हण.

गोजर