नाव वर धरायचे होते, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्हांला पत्र लिहिण्याची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही सुदामा नगरात, मी जुन्या इंदुरात. सायकलवर टांग टाकली की भेट होत असे. आज लिहितो आहे, कारण उद्या सकाळी क्लबच्या कमिटीत मला तुमच्या जागी बोलायचे आहे. विषय तोच, ज्यावर तुम्ही हरला होतात: आपल्या संघाने बेसबॉल लाकडी बॅटने खेळायचा की धातूच्या?

आणि तुमचा विनू हनुवटीला पट्टी बांधून पातळ खिचडी खातो आहे.

हाड वाचले आहे, काळजी नसावी. गेल्या रविवारी सरावात तो चेंडू टाकत होता आणि समोर आपल्याच संघातला मुलगा अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उभा होता. फटका नीट बसलाही नव्हता. चेंडू बॅटच्या टोकाजवळ लागला होता. तरीही तो सरळ विनूकडे परत आला आणि त्याचा हातमोजा वर येईपर्यंत व्हायचे ते होऊन गेले. लाकडी बॅटवर तोच फटका बसता तर मारणाऱ्याचे हात झिणझिणले असते आणि चेंडू मध्येच कुठेतरी मरून पडला असता.

लाकडाची बाजू धरून तुम्ही घेतलेली ती तुलना आठवते ना? सायकलच्या पाइपचे स्टँड करून त्यावर चेंडू ठेवलात, मारणारे तेच, चेंडू तोच, फक्त बॅट बदलायची. मोजायची फीत माझ्या हातात होती. धातूच्या बॅटने चेंडू प्रत्येक वेळी पुढे गेला. पोकळ आणि हलकी असल्याने ती लवकर फिरते, चेंडू लागताच तिचा पातळ पत्रा किंचित दबून उसळतो, हे तुम्हीच सर्वांना समजावून सांगितलेत. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा इतक्या नीटपणे मांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही! दुसऱ्या दिवशी तुमची लाकडी बॅट उभी चिरली. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘‘मास्टरजी, लकडी का जमाना गया. आता ही चूल्ह्यात घाला.’’ सगळे हसले. तुम्हीही हसलात.

परतताना मात्र तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. म्हणालात, ‘‘मधू, ही धातूची बॅट मारणाऱ्याची चूक माफ करून टाकते. ठीक आहे. पण समोरचा?’’

तेवढ्यात माझ्या सायकलची चेन उतरली आणि वाक्य तिथेच राहिले. ते पूर्ण का केले नाहीत, अण्णा? मी समजलो, तुम्ही प्रतिस्पर्ध्याबद्दल, खेळातल्या न्यायाबद्दल बोलत आहात. तुमच्या मनात तेव्हाच विनू होता का? त्याला चेंडू टाकायला तुम्हीच तर उभे केले होते. एवढी धास्ती होती तर कमिटीपुढे ही गोष्ट का काढली नाहीत? पोटच्या मुलासाठी बोलतो आहे असे लोक म्हणतील, म्हणून?

तुम्ही थंडीत आम्हांला सोडून गेलात. त्यानंतर जबलपूरचा एक संघ आपल्या मैदानावर आला. त्यांच्या एका खेळाडूने आपली लाकडी बॅट उचलली, हातात फिरवून तिच्यावर रंगवलेले संघाचे नाव पाहिले आणि मला विचारले, ‘‘भाई साहब, आप लोग नाम से मारते हो क्या?’’

मी म्हटले, हो. नाव चेंडू टाकणाऱ्याकडेच असायला हवे ना! तो इतका हसला की मला थोडा राग आला. मग म्हणाला, ‘‘ये क्रिकेट थोड़े ही है. नाम ऊपर रखो, आसमान की तरफ.’’

त्याने मला लाकडाच्या रेषा दाखवल्या. जिथे त्या रुंद लहरींसारख्या पसरतात, ती बाजू दिसायला सुंदर, पण फटक्याला कच्ची. पाव वळसा फिरवा, तिथे रेषा सरळ आणि दाट असतात. चेंडू त्या बाजूला लागायला हवा. म्हणून नाव कच्च्या बाजूवर घालतात, की ती वर राहावी. आपण सगळे क्रिकेटमधून आलेले. लहरी छान दिसतात म्हणून तांबड्या रंगाने संघाचे नाव त्यांच्यावर रंगवले आणि बॅटचा चेहरा पुढे, या सवयीने त्याच नावाने चेंडू मारत राहिलो.

परवा वहिनींकडच्या माळ्यावरून तुमच्या तुटलेल्या बॅटी काढल्या. सगळ्या नावाखालीच चिरल्या आहेत.

मी कॉमर्सचा माणूस. तुलना करायची तर अटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. धातूच्या बॅटला कोणतीही बाजू चालते, लाकडाला चालत नाही. आणि आपण लाकडाची कच्ची बाजू पुढे करून त्याला कमकुवत ठरवले. परंतु मी स्वतःला फसवणार नाही. नाव वर धरले तरी धातूच्या बॅटचा चेंडू लांबच जाईल. लाकूड तुटणार नाही, एवढेच. मग मी उद्या काय सांगू? आपण फीत मारणाऱ्यापासून पुढे धरली. समोर उभ्या असलेल्याकडून मोजायचे आपल्याला सुचलेच नाही.

घरात वेगळाच पेच आहे. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, यांनी लाकूड लाकूड केलं तेव्हा सगळे हसले. आता तुम्हीच विनूला सांगा, बस झालं म्हणून. तो तुमचं ऐकतो.’’ विनूला जबडा हलवता येत नाही, तरी दातांतल्या दातांत बोलला, ‘‘काका, सच्ची सांगा. बाबांनी मला घरी बसवलं असतं का?’’

मी त्याच्या खिचडीची वाटी पुढे सरकवली. तुम्ही काय उत्तर दिले असते? वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून एवढेच वचन देतो. विनूला मी मैदानातून काढणार नाही. पण निदान आपल्या सरावात त्याच्यासमोर धातूची बॅट येऊ देणार नाही. कमिटीने मानले नाही तर पट्टी सुटल्यावरही तो तिथे चेंडू टाकणार नाही, आणि ते त्याला मी स्वतः सांगेन, वहिनींना सांगायला लावणार नाही. माळ्यावर एक बॅट धड निघाली आहे. तिच्यावरचे संघाचे नाव खरवडून मी तुमचे घातले आहे, त्याच लहरींवर. जो मुलगा ती हातात घेईल त्याला सांगेन: हे नाव समोरच्याला दाखवायचे नाही, आकाशाकडे ठेवायचे.

तिथून वाचता आले तर पाहा.

तुमचा धाकटा,
मधू