विहिरीवरचा अबोला

आबा, मी तुमचा थोरला मुलगा. नाव लिहीत नाही. ते तुम्हीच ठेवलेत, आणि शेवटची पाच वर्षे तुम्हीच ते तोंडातून काढले नाही. वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार राणीसावरगाव, विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम, आता निवृत्त. त्या विहिरीच्या पंचनाम्यावर इतरांनी अंगठे उठवले, मी सही केली. अक्षर सुवाच्य होते, मजकूर खोटा होता. म्हणून खरे निवेदन आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

मारून काम होत नाही, असे तुम्ही नेहमी म्हणत होतात. “काठीनं बैल चालतो, गडी न्हाई.” तुमच्या टोळीत कोणाच्या अंगाला कधी हात लागला नाही. ज्याच्या पहारीखाली झरा फुटेल, त्याला तुम्ही स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून बांधत होतात, आणि ते पाहायला गाव जमत असे. ज्याच्या हातून चूक होईल त्याला अबोला. अबोला सुटेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही, त्याच्यासोबत विहिरीत उतरायचे नाही. माझ्या लग्नाला वर्ष झाले नव्हते तेव्हा माझ्या हातून दोर निसटला, आणि तुम्ही मला तीन दिवसांचा अबोला दिलात. तो घरातही पाळला गेला. आई चुलीपुढे बसली आहे, भाकरी माझ्या ताटात पडते, तिची नजर विस्तवावरून हलत नाही. माझी नवी नवरीसुद्धा मला पाहून आत निघून जाते. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात जाऊन म्हशीला माझे नाव सांगितले, कोणाच्या तरी कानावर माझा आवाज पडावा म्हणून. चौथ्या दिवशी माझ्याच पहारीखाली झरा फुटला. तुम्ही फेटा बांधलात आणि म्हणालात, “शाब्बास रे वाघा.” तेवढे ऐकण्यासाठी मी आणखी तीन दिवस मुका राहिलो असतो. पद्धत वाईट होती, असे मी आजही म्हणत नाही.

मुकादमी तुम्ही माझ्या हाती दिलीत ती नामांतराची वर्षे. तुम्ही विहिरीच्या कडेला खाट टाकून नुसते बसत होतात. टोळीतला सर्वांत तरबेज गडी तुम्हाला आठवत असेल. तीन फेटे त्याच्या घरी होते. तो बहिणीला भेटायला सेलूकडे गेला, आणि ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा परतला. गुडघ्यापर्यंत धूळ, एका पायताणाचा अंगठा तुटलेला.

“गाड्या बंद व्हत्या, मुकादम. नामांतराचा बंद. देवगाव फाट्यावर उतरवलं, तिथनं तीन दिवस पायी चाललोय. खोटं वाटलं तर पायताणाला इचारा. म्हनलं, झरा लागायच्या आत पोचावं. चौथा फेटा दुसऱ्याच्या डोक्याला बघवंना मला.”

गडी हसले. मी हसलो नाही. “कारण ऐकणार नाही,” मी म्हणालो. “आज तुला अबोला.”

“लय बरं झालं. बायकोबी घरी ह्येच करती,” असे म्हणून तो एकटाच सात परस, म्हणजे चाळीसेक फूट, खाली उतरला.

दुपार होण्याआधी त्याची पहिली हाक आली. “पाळणा सोडा! कड सुटायलीय!” दगड आणि माणसे वर आणणारा लोखंडी पाळणा त्या वेळी वरच होता. तो ओढणाऱ्या यारीच्या मुठीवर तीन गड्यांचे हात आहेत, आणि तिघेही माझ्याकडे पाहत आहेत. मी तळहात वर करतो. अबोल्यातला गडी काहीतरी निमित्त काढून बोलायला लावतो, हे तुम्हीच मला शिकवले होते. दुसरी हाक आली. “अहो, बोलू नका, पर पाळणा तरी सोडा!” यारीवरचा एकजण पुटपुटला, “मुकादम, आवाज येगळा हाय त्याचा.” तुम्ही खाटेवरून उठलात. “सोड रे पाळणा! ऐक त्याचं!” तेव्हा सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, “आबा, इथला मुकादम आता मी आहे.” हात खाली केला नाही. तिसरी हाक आली ती अर्धीच.

माती उपसून त्याला वर घेईपर्यंत दिवस कलला. कड सुटली होती त्याच खिंडारातून झरा वाहत होता. तुम्ही डोक्यावरचा फेटा सोडलात आणि त्याच्या अंगावर पांघरलात. त्यानंतर तुम्ही डोक्याला काही बांधले नाही. पंचनाम्याला आलेल्या जमादाराने विचारले, गड्याने हाक दिली होती काय. मी म्हणालो, नाही. तिघे गडी जमिनीकडे पाहत राहिले. तुम्हाला विचारले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि काहीच बोलला नाहीत. मला वाटले, तुम्ही मला वाचवलेत. घरी आल्यावर कळले की माझा अबोला सुरू झाला आहे.

तुम्ही बैलांशी बोलत होतात, नातवंडांशी बोलत होतात. मी ओसरीवर आलो की थांबत होतात. मी कामात कसूर केली नाही. गंगाखेडच्या बाजूला ज्या खडकाला कोणी हात लावत नव्हते, तिथे पाणी काढले. त्याच्या विधवेच्या रानात विहीर खोदून दिली. दर वेळी घरी येऊन मोठ्याने सांगितले, भिंतीला सांगावे तसे. माझे तीन दिवस मी मोजून काढले होते. या अबोल्याची मुदत मात्र मला कोणी सांगितली नव्हती. आजही घरच्या आडात बादली सोडताना मी आधी विचारतो, “खाली कोण आहे?” नातसुना तोंडाला पदर लावून हसतात. उत्तर येत नाही तोवर मी दोर सोडत नाही, आणि उत्तर तर येत नाही. मग त्याच माझ्या हातून दोर घेतात.

शेवटच्या सकाळी तुम्ही अंगठा ओठांकडे नेलात. मी तांब्या भरून आणला आणि खाटेपाशी उभा राहिलो. “‘पाणी दे’ एवढे म्हणा, आबा,” मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मी तेच पुन्हा म्हणालो. पुन्हा अंगठा वर आला. तेवढ्यात तुमची सून आत आली आणि तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. “मामांची जीभ पहाटेपासनं वळंना गेलीय. दिसंना का तुमाला?” तिने तुमची मान हातावर घेतली. दोन घोट आत गेले, बाकीचे पाणी गळ्यावरून उशीवर उतरले.

तिला मी उत्तर दिले नाही. तुम्हाला देतो. मला दिसत होते.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही, आणि असते तरी पाठवला नसता. तुमच्याकडून उत्तर आले नाही, तर ते आता सोसवणार नाही. विहिरीवर यारीला तीन गडी हजर होते, त्यांपैकी आज कोणी उरले नाही. खाली तो होता, खाटेवर तुम्ही. तांब्याच्या वेळी तुमची सून हजर होती. दोन्ही वेळा मी हजर होतो.