दफन नाकारल्याची ओळ

१२ जुलै, शनिवार

या घरात माझ्या हातचं: स्वयंपाकघरातली सगळी कपाटं, जिन्याचा कठडा, तन्वीचं टेबल, मागची शेड, गणपतीचं मखर. आजपासून स्लेटचा एक फलक. एकाही गोष्टीचा कोर्स केलेला नाही. प्लांटमधले आपले इंजिनियर डिग्र्या घेऊन येतात आणि घरी शेल्फ लावायला मला बोलावतात.

फलक रोडेलच्या फिलिपिनो मंडळाचा. रोडेल शुभदाच्या हॉस्पिटलमधला नर्स, बोहोल बेटावरचा. तिथे दागोहोयने स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव केला. १७४४ ते १८२९ — पंच्याऐंशी वर्षं! फलक इथल्या चर्चच्या बागेत बसवायचाय. मजकूर मी तीन ठिकाणी पडताळला, मग रोडेलने मान्य केला. सातवी ओळ महत्त्वाची: पाद्र्याने भावाचं ख्रिस्ती दफन नाकारलं, म्हणून दागोहोय उठला.

२० जुलै, रविवार

चार ओळी कोरून झाल्या. शुभदा म्हणते, "अहो, इतकं जवळून कोण बघणार आहे?" मी बघणार आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

परवा सातवी ओळ पुरी झाली आणि आज रोडेलचा फोन. "कुया, ती ओळ नको. फादर कोल्मना बरं दिसणार नाही." कुया म्हणजे त्यांच्यात दादा. दादा म्हणायचं आणि दादाच्या कामावर पाणी ओतायचं.

ओळ पुरी किती इंचांची आहे ते त्याला सुनावलं. स्लेटवरचं खोडरबराने जात नाही. अख्खा दगड घासायचा आणि सगळी अक्षरं पुन्हा. तो काही सांगत होता, मी फोन ठेवला.

हा चर्चच्या त्या फादरचाच उद्योग. गेल्या आठवड्यात बागेत जागा बघायला आला होता, तेव्हाच मजकूर मागितला असणार. जागा चर्चची, म्हणून इतिहासही चर्चचा?

९ ऑगस्ट, शनिवार

दुकानाबाहेर फादर भेटला. सोडला नाही. "दोनशे एक्याऐंशी वर्षांत तुम्ही लोक काडीचे बदलला नाहीत. तेव्हा दफन नाकारलंत, आता त्याची ओळ." चार-पाच जण थांबून बघत होते. तो "ग्रँड" म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. इथे 'ठीक आहे' म्हणायचं तर ग्रँड म्हणतात.

गाडीत तन्वी — "बाबा, दॅट वॉज मॉर्टिफाइंग." लाजेने मेली म्हणे. असू दे.

१० ऑगस्ट

बोललो ते योग्यच बोललो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रोडेल शेडमध्ये आला. उभाच राहिला. "कुया, फादरना यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही कमिटीने ठरवलं."

फेब्रुवारीत त्यांच्या वॉर्डातली नर्स मारिविक अचानक गेली. इथे तिचं कुणी नव्हतं. कागदपत्रं होऊन शव गावी पाठवायला अकरा दिवस लागले. अकराही दिवस हा फादर शवागारात जाऊन तिच्यापाशी प्रार्थना करत होता. विमानतळापर्यंत सोबत गेला. "त्या माणसाच्या बागेत हे वाक्य कसं लावू?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही इंच मोजत होता."

तरी घडलेलं बदलत नाही. ओळ काढणार नाही म्हणालो. मग फलक लागणार नाही आणि मजुरीही नाही, म्हणाला. ठीक.

दुकानाबाहेरचं फादरने त्यांच्यापैकी कुणालाच सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट

आपल्या मंडळाच्या झेंडावंदनाला गेलो नाही. फादर तिथे पाहुणे होते, असं शुभदा म्हणाली.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना आटोपून फादर कोल्म शेडमध्ये आले. खाली वाकून सातवी ओळ बोटाने वाचली. "हे आमच्यातल्याच एकाने केलं. राहू दे." कमिटीलाही हेच सांगून आले होते. शनिवारी फलक बसणार. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी पाकीट पुढे केलं. माझी मजुरी, स्वतःच्या खिशातून. आठशे युरो. घेतले नाहीत.